बारीक आवाजांचा रकाना

पावणेपाचला टिनामू शीळ घालतो
आणि निकानोर कंदील विझवतो.
रबरी बूट उलटे आपटून पाहायचे,
रात्री कुणी मुक्कामाला आलं असेल तर तेही बाहेर पडतं.
माद्रे दे दिओसच्या या वळणावर
पाऊस थांबला तरी झाडं आणखी तासभर
आपापला पाऊस पाडत राहतात.

शंभर हेक्टर. शंभर पावलांवर एक खांब, त्याला पत्र्याचा आकडा.
प्रत्येक खांबाशी दहा मिनिटं उभं राहायचं.
दिसत काहीच नाही, पानं दिसतात.
जंगल कानांनीच मोजायचं.

तो पुटपुटतो, मी लिहिते:
उजवीकडे, चाळीस मीटर, मुंगीपाखरू, नर.
पलीकडे त्याचा शेजारी. चिडलाय.
नकाशावर टिंब, टिंबाशेजारी टिंब,
महिन्यानं भोवती रेघ ओढली
की एकेकाची जमीन उमटते.
सातबारा नाही, मोजणीचा दगड नाही,
नुसती रोज पहाटे गाऊन राखलेली.
एखाद्या सकाळी कुणी गप्प राहिला
की शेजारी बांध कोरायला लागतो.

सोळा वर्षांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत,
ओल धरू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंड्या मधेमधे.
पहिल्या वह्यांत त्याच्या भावाचं, एलेउतेरियोचं, गोल अक्षर.
तो पुढे सोन्यामागे नदीच्या खालच्या अंगाला गेला.
आता फक्त नाताळात फोन करतो.

काल रात्री बेरजा केल्या.
बारीक आवाजाची पाखरं, शेवटची पाच वर्षं:
एकतीस, अठ्ठावीस, एकोणीस, अकरा, चार.
पोटात गोळा आला.
मेणबत्ती संपेपर्यंत कारणं लिहीत बसले:
दुष्काळ. वरच्या अंगाचा नवा रस्ता. नदीतला पारा.

सकाळी जाळ्यात त्यांतलीच एक.
आठ ग्रॅम, पिशवी वजा जाता.
छातीवर फुंकर घातली, पिसं बाजूला झाली,
आत पिवळी चरबी, खाऊनपिऊन सुखी.
पायात कडं चढवलं, मूठ उघडली.
समोरच्या वेलीवर बसून तिनं चोच उघडली
आणि काचेवरून सुई ओढावी तशी गायली.

निकानोर तिच्याकडे पाहत होता.
काही सांगेना.

"ऐकलंस?"
"चोच उघडलेली दिसली," तो म्हणाला.
मग गाठी मारलेली जाळी सोडवत, माझ्याकडे न बघता:
"आधी डासांचा आवाज गेला. बरंच वाटलं.
मग ह्या."

मी लिहिणारी. चार महिन्यांची नवखी.
कान त्याच्याकडूनच घेतलेले,
त्यामुळे तो नाव घेई तेवढंच मलाही ऐकू येई.
म्हणजे एकतीसचे चार झाले
ते कुणाचे?
रस्ता आहेच. पाराही आहे.
खोडायला घेतलेली पेन्सिल मी परत कानामागे खोचली.

शाळेला सुट्टी लागली तशी त्याची नात येऊ लागली, येसेनिया,
अकरा वर्षांची, मामाच्या बुटात, पुढे कापूस कोंबून.
तिला नावं येत नाहीत.
ती आजोबाच्या मनगटावर बोट टेकवते, थांब म्हणून,
आणि जे ऐकलं ते
जाड करून, खालच्या पट्टीत, गुणगुणते,
म्हशीला हाक मारावी इतकं खाली आणून.
तो डोळे मिटतो. मग नाव सांगतो.
वहीत मी एक रकाना वाढवला: कुणी ऐकलं.
त्यात आता एका पाखरासाठी दोघांची आद्याक्षरं.

आज सत्तावीसच्या खांबाशी तिनं एक काढून दाखवलं,
तीन सूर, मधला तुटका.
त्यानं मान हलवली.
"हे मला माहीत नाही."
कितीतरी वेळ त्याच्या तोंडावर हसू होतं.
बाराव्या मिनिटालाही आम्ही तिथंच.
पुढचे खांब वाट पाहत असतील, म्हणाला,
तू पुन्हा काढ.